आठ टक्के, पण कशावर?

कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या तीन एजन्सींकडून कोटेशन मागवा. एक म्हणेल सर्व्हिस चार्ज आठ टक्के, दुसरी सहा, तिसरी साडेचार. बहुतेक ठिकाणी तिसरीच्या नावापुढे खूण होते आणि फाइल पुढे सरकते. वर्षअखेरीस कोणी नीट हिशेब मांडलाच, तर साडेचारवालीच सगळ्यांत महाग पडली असंही निघू शकतं. कोटेशनवर छापलेली टक्केवारी ही एजन्सीच्या कमाईची फक्त उघडी बाजू असते. उरलेली बाजू बिलाच्या इतर ओळींत विखुरलेली असते आणि तिथे कोणी बोट ठेवत नाही.

चाकण, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पन्नास-शंभर माणसांचा कारखाना चालवणारे मालक, त्यांच्याकडचे एचआरवाले, हॉस्पिटलचे प्रशासक, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. यांतल्या कोणाला कामगार कायद्याचा तज्ज्ञ व्हायची गरज नाही. एका माणसाचं एका महिन्याचं बिल रुपया-रुपयाने उलगडता आलं, की पुरे.

तेच आधी करू. सोयीसाठी असं धरा की तुमच्या उद्योगाचं आणि परिमंडळाचं किमान वेतन, विशेष भत्त्यासह, महिन्याला १५,००० रुपये आहे. प्रत्यक्षात ते तुमच्या अनुसूचित उद्योगाप्रमाणे आणि कामगाराच्या कुशल, अर्धकुशल किंवा अकुशल वर्गाप्रमाणे वेगळं असेल. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून कोटेशन कोणत्या सहामाहीच्या दरावर आहे हे पहिल्यांदा विचारा. या १५,००० वर पाच टक्के घरभाडे भत्ता धरला तर ७५० रुपये, म्हणजे एकूण पगार १५,७५०.

आता मालकाच्या बाजूचा खर्च. पीएफचे १२ टक्के, त्यावर विमा योजनेचा अर्धा टक्का आणि प्रशासन शुल्काचा अर्धा टक्का, असे १३ टक्क्यांनी १,९५० रुपये. ईएसआय ३.२५ टक्के, म्हणजे ५१२ रुपये. बोनस किमान ८.३३ टक्के, १,२५० रुपये. भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामाला एक दिवस, म्हणजे साधारण पाच टक्के, ७८८ रुपये. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ७२१ रुपये. कामगार कल्याण निधीचे महिन्याला सरासरी १३ रुपये. इथपर्यंत बेरीज २०,९८४ रुपये. गणवेश आणि सेफ्टी शूजचे महिन्याकाठी २५० धरले, तर २१,२३४.

यावर आठ टक्के सर्व्हिस चार्ज लावला की १,६९९ रुपये होतात. बिल झालं २२,९३३ रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,१२८ रुपये. तुमच्या खात्यातून जाणार २७,०६१.

आणि कामगाराच्या हातात काय पडतं? १५,७५० मधून त्याचा पीएफ १,८००, ईएसआय ११९ आणि व्यवसाय कर २०० वजा जाता १३,६३१ रुपये. कॅन्टीनमध्ये कधीतरी बिलाचा आकडा फुटतो आणि चर्चा सुरू होते की ठेकेदाराने माणसामागे नऊ हजार खाल्ले. खरं तर या ९,३०२ रुपयांपैकी ३,७५० पीएफ कार्यालयात, ६३१ ईएसआयकडे, २०० राज्य सरकारकडे, १३ कल्याण निधीत आणि २५० कपड्या-बुटांत गेलेले असतात. सर्व्हिस चार्ज १,६९९. उरलेले २,७५९ रुपये बोनस, रजा आणि ग्रॅच्युइटीच्या नावाने एजन्सीकडे जमा होतात. हा २,७५९ चा आकडा लक्षात ठेवा. खरी गोष्ट तिथेच आहे, पण त्याआधी टक्केवारीचा निकाल लावू.

टक्केवारीचा पाया

आठ टक्के मूळ वेतनावर घेतले तर १,२०० रुपये. एकूण पगारावर घेतले तर १,२६०. पीएफ, ईएसआय, बोनससकट सगळ्या वैधानिक खर्चावर घेतले तर १,६७९. गणवेशही धरला तर १,६९९. कोटेशनवर चारही वेळा ‘सर्व्हिस चार्ज ८%’ एवढंच लिहिलेलं असतं. चाळीस कामगार असतील, तर पहिल्या आणि शेवटच्या पद्धतीत महिन्याला १९,९६० रुपयांचा, वर्षाला जवळजवळ दोन लाख चाळीस हजारांचा फरक पडतो.

म्हणजेच एकूण खर्चावर सहा टक्के मागणारी एजन्सी (१,२७४ रुपये) मूळ वेतनावर आठ टक्के मागणारीपेक्षा महाग आहे. टक्केवाऱ्यांची तुलना करणारा माणूस इथे हमखास उलटा निर्णय घेतो.

आणखी एक पेच आहे. काही एजन्सी टक्केवारी खर्चावर न लावता बिलाच्या रकमेवर मोजतात. ‘आमचं मार्जिन फक्त आठ टक्के’ असं म्हणतात तेव्हा बहुधा हाच हिशेब असतो. २१,२३४ रुपये हे बिलाचे ९२ टक्के धरले, तर बिल २३,०८० चं होतं आणि एजन्सीचे १,८४६ रुपये होतात. खर्चावरच्या आठ टक्क्यांपेक्षा माणशी १४७ रुपये जास्त. यात फसवणूक नाही, दोन्ही पद्धती व्यापारात चालतात. तुम्ही मात्र सगळ्या कोटेशनांना एकच नमुना द्या. त्यात प्रत्येक ओळ रुपयांत भरायला सांगा आणि सर्व्हिस चार्जच्या रकान्यात टक्के लिहायला बंदी घाला. माणशी, महिना, रुपये. जो हा तक्ता भरायला कुरकुर करतो, त्याच्याबद्दलची निम्मी माहिती तुम्हाला तिथेच मिळाली.

मी स्वतः टक्केवारीपेक्षा माणशी ठरावीक रुपयांच्या बाजूचा आहे. दर सहामाहीला विशेष भत्ता वाढतो, म्हणजे टक्केवारीवर घेतलेला सर्व्हिस चार्ज आपोआप वाढतो. एजन्सीचं काम मात्र तेवढंच राहतं. एका माणसाची हजेरी, चलन आणि पगारपत्रक करायला लागणारे कष्ट त्याचा पगार वाढला म्हणून वाढत नाहीत. मोठ्या स्टाफिंग कंपन्या आपली कमाई याच मापाने मोजतात. शेअर बाजारात नोंदलेली टीमलीज दर तिमाहीला माणशी दरमहा सरासरी किती मिळतात हे जाहीर करते, आणि तो आकडा काही शे रुपयांचा असतो. तो थेट तुमच्या कोटेशनला लावू नका. त्यांच्याकडे लाखांत माणसं असतात, तुमच्या गावातल्या एजन्सीकडे तीनशे. पण ठरावीक रुपयांत बोलणं अशक्य आहे असं कोणी सांगितलं, तर ते खरं नाही.

बिलात न दिसणारा मार्कअप

आता त्या २,७५९ रुपयांकडे. चाळीस माणसांमागे ही रक्कम महिन्याला १,१०,३६० रुपये होते, वर्षाला तेरा लाखांवर. याच चाळीस माणसांचा सर्व्हिस चार्ज महिन्याला ६८ हजारांच्या आत आहे. म्हणजे ज्या आकड्यावरून तुम्ही दोन बैठका घासाघीस केली, त्याच्या दीडपटीहून मोठी रक्कम ‘वैधानिक’ या शब्दाच्या आडून विनाचर्चा निघून गेली.

हे पैसे तुम्ही दर महिन्याला देता. कामगाराला ते मिळतात का?

ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर लागू होते. कंत्राटी कामगार एका एजन्सीच्या मस्टरवर सलग पाच वर्षं राहतो, असं किती वेळा घडतं? एजन्सी बदलते, नाव बदलतं, मध्ये खंड दाखवला जातो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे, त्यामुळे चित्र थोडं बदलेल. पण आठ महिन्यांत सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने घेतलेले ७२१ गुणिले आठ एजन्सीकडेच राहतात. बोनसचं तर याहून स्पष्ट आहे. वर्षात तीस दिवस काम केलेला पात्र कामगार बोनसला हक्कदार असतो, मध्येच सोडून गेला असला तरी. दिवाळीच्या आधी मात्र त्या दिवशी मस्टरवर हजर असलेल्यांनाच बोनस वाटला जातो. मार्चमध्ये गावी गेलेल्या मुलाला फोन करून कोण बोलावणार? शिल्लक रजेचंही तेच.

कामगारांची ये-जा जितकी जास्त, तितकी एजन्सीची ही कमाई जास्त. म्हणजे माणसं टिकवण्यात जिचा तोटा आहे, तिच्याकडून तुम्ही माणसं टिकवण्याची अपेक्षा करता.

उपाय सोपा आहे, फक्त करारात आधी लिहायला हवा. बोनस, रजा आणि ग्रॅच्युइटी मासिक बिलातून काढून टाका आणि प्रत्यक्ष दिल्यावर पुराव्यासह बिल करायला सांगा. बोनस कामगाराच्या बँक खात्यात गेल्याची यादी आली की पैसे द्या. एजन्सी म्हणेल, दिवाळीला एवढी रक्कम आम्ही कुठून आणणार? मग आठ दिवस आधी आगाऊ द्या, पण नावानिशी यादीवर. सोडून गेलेल्यांची नावंही त्या यादीत हवीत. ग्रॅच्युइटीची तरतूद तुमच्या स्वतःच्या हिशेबात ठेवा आणि तुमच्याकडे केलेल्या सेवेपुरती जबाबदारी करारात मान्य करा. एजन्सीने याला विरोध केला, तर तिचा सर्व्हिस चार्ज इतका कमी का होता याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं. तेव्हा सर्व्हिस चार्ज थोडा वाढवून द्यायची तयारी ठेवा. उघड दिलेले पाचशे रुपये झाकून गेलेल्या दोन हजारांपेक्षा बरे.

ओव्हरटाइम ही दुसरी जागा. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा. आपल्या उदाहरणात तासाचा पगार १५,७५० भागिले २६ भागिले ८, म्हणजे ७५ रुपये ७२ पैसे, दुप्पट १५१. ओव्हरटाइमच्या रकमेवर ईएसआय लागतो, पण पीएफ लागत नाही. बोनस, रजा, ग्रॅच्युइटीही लागत नाहीत. ईएसआय आणि आठ टक्के सर्व्हिस चार्ज धरून तासाला साधारण १६९ रुपये होतात. अनेक बिलांत मात्र पूर्ण मासिक दरच २६ आणि ८ ने भागून दुप्पट केलेला असतो, म्हणजे २२० रुपये. तासाला पन्नासेक रुपये जादा. चाळीस माणसांनी महिन्याला प्रत्येकी दहा तास जास्त थांबायचं म्हटलं, तर वीस हजार रुपये. सीझनला किती तास होतात ते तुमचं तुम्हाला माहीत. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तुमच्याकडून दुप्पट घ्यायचं आणि कामगाराला एकपट द्यायचं. ते पकडायला एकच उपाय: बिलाबरोबर पगारपत्रक मागवा आणि त्यातली ओव्हरटाइमची ओळ बिलाशी ताडून पाहा.

भाजकाचं गणित किरकोळ वाटतं, पण दर महिन्याला चालतं. गैरहजेरीचे पैसे कापताना एजन्सी तुमच्या बिलातून २२,९३३ भागिले ३०, म्हणजे ७६४ रुपये कापते. कामगाराच्या पगारातून मात्र २६ ने भागून कापते. २६ ने भागलं असतं तर तुमचे ८८२ रुपये वाचले असते. दिवसाला ११८ रुपयांची ही फट करारातल्या एका वाक्याने बुजते.

सुरक्षारक्षकांच्या बाबतीत रिलीव्हर बघा. आठवड्याचे सातही दिवस एक जागा भरलेली हवी, तर साप्ताहिक सुटीचा बदली माणूस लागतो, म्हणून कोटेशनमध्ये एक षष्ठांश, १६.६७ टक्के जादा लावतात. ते रास्तच आहे. पण मासिक दर आधीच तीस दिवसांवर काढला असेल, तर हाच खर्च दुसऱ्यांदा घेतला जातोय. सोसायट्यांना अजून एक सांगायचं. बारा तासांच्या ड्युटीत चार तास ओव्हरटाइम असतो. किमान वेतनावर दुप्पट दराने तो मांडला तर जो आकडा येतो, त्याच्या खाली कोटेशन आलं असेल, तर तुमच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या पगारातून ती सूट दिली गेली आहे. वार्षिक सभेत ‘आपण किती स्वस्तात सिक्युरिटी आणली’ हे सांगण्याआधी हा हिशेब करून पाहा.

जीएसटी कोणाला झोंबतो

जीएसटी पूर्ण बिलावर लागतो, पगार-पीएफसकट. कारखानदाराला त्याचं बहुधा काही वाटत नाही, कारण इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं. फक्त एजन्सीने रिटर्न भरलं आणि ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटलं का, हे पाहून मगच कराची रक्कम सोडा.

हॉस्पिटल आणि शाळांचं तसं नाही. त्यांच्या मुख्य सेवेवर जीएसटी माफ, त्यामुळे क्रेडिटही नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या सोसायट्याही त्याच गाड्यात. त्यांच्यासाठी एजन्सीची खरी किंमत १,६९९ अधिक ४,१२८, म्हणजे माणशी ५,८२७ रुपये. बाकी सगळा खर्च माणूस थेट ठेवला तरी करावाच लागणार होता. चाळीस वॉर्डबॉय आणि आया एजन्सीमार्फत ठेवणारं हॉस्पिटल महिन्याला २,३३,००० रुपये याच कारणाने देत असतं. एवढ्या पैशात पीएफ-ईएसआय बघणारी दोन माणसं आणि एक चांगलं पेरोल सॉफ्टवेअर ठेवून बरीच शिल्लक उरते. अशा संस्थांनी सर्व्हिस चार्ज आठावरून सातावर आणण्यात वेळ घालवू नये. मुदतीच्या नेमणुकीवर थेट माणसं घेता येतील का, हा प्रश्न त्यांच्यासाठी कितीतरी मोठा आहे.

एजन्सीच्या खुर्चीतून

आता थोडं पलीकडे बसून पाहू, कारण मार्कअप हा नुसता नफा नसतो. कामगारांचा पगार सात तारखेच्या आत द्यावा लागतो. पीएफ-ईएसआय पंधरा तारखेच्या आत. जीएसटीचं रिटर्न साधारण वीस तारखेला. तुमचं पेमेंट मात्र साठ दिवसांनी. म्हणजे माणशी जवळपास २५,००० रुपये एजन्सीने दोन महिने अडकवले. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर त्याचे सुमारे ४९० रुपये झाले. १,६९९ मधले ४९० नुसते तुमच्या उशिराचे! लहान एजन्सीला बँक इतक्या कमी दराने पैसे देतही नाही.

घासाघिशीचं सगळ्यात प्रामाणिक हत्यार हेच आहे. पंधरा दिवसांत पेमेंटची हमी द्या आणि सर्व्हिस चार्ज कमी मागा. एजन्सीची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर तसंही लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. साठ दिवसांची अट घालणाऱ्या लेखा विभागाला हे एकदा दाखवा.

उरलेल्या रकमेत भरती करणारा माणूस, साइटवरचा सुपरवायझर, हजेरी-चलनांचं काम, अचानक न आलेल्याच्या जागी दुसरा पाठवणं आणि शेवटी थोडा नफा, एवढं सगळं बसवायचं असतं. म्हणून एक-दीड टक्क्याचं कोटेशन आलं, की आनंद मानण्याऐवजी थांबा. सरकारी खरेदीत शून्य किंवा शून्याजवळचा सर्व्हिस चार्ज भरून टेंडर मिळवायची रीतच पडली होती. शेवटी केंद्राच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळाच्या कंत्राटांसाठी किमान ३.८५ टक्क्यांचं बंधन आलं. शून्य टक्क्यात कोणी धंदा करत नाही. तो पैसा पीएफ बुडवून, मस्टरवर नसलेली माणसं दाखवून, गणवेशाच्या किंवा डिपॉझिटच्या नावाने कामगाराकडून कापून, नाहीतर नोकरी लावून देण्याचे पैसे घेऊन वसूल होतो.

आणि त्याचा भुर्दंड शेवटी तुमच्याच दारात येतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो मूळ मालकाने, म्हणजे तुम्ही, द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. पीएफचंही तसंच, कंत्राटी कामगारांची वर्गणी भरली गेली नाही, तर विचारणा मूळ मालकाकडे होते. पन्नासपेक्षा कमी कंत्राटी कामगार असले तर परवान्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. पण त्यावरून ‘आपल्याला काहीच लागू नाही’ असा अर्थ काही जण काढतात, तो चूक. किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय यांचे हिशेब वेगळे आहेत. परवान्याच्या आकड्याशी त्यांचा संबंध नाही.

दर फार खाली दाबण्याचा आणखी एक धोका आहे. एजन्सीला इतकं कमी द्यायचं की तिने सुपरवायझरच ठेवू नये. मग कामाचे आदेश तुमचा फोरमन देतो, रजा तुमचा एचआर मंजूर करतो, माणूस काढायचा निर्णयही तुमचाच. एजन्सी उरते फक्त पगाराची पोस्टमन. २००१ साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, पण कंत्राट हा नुसता कागदी देखावा असल्याचं सिद्ध झालं, तर ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. सुपरवायझरचे वाचवलेले पैसे अशा खटल्याच्या वकिलाला पुरत नाहीत.

बिलाबरोबर काय मागायचं

ढीगभर कागद मागवून ते कपाटात ठेवण्यापेक्षा चार गोष्टी दर महिन्याला खरोखर पाहा. पहिली, पीएफचं चलन आणि त्यासोबतची नावांची यादी. एजन्सी सहाशे माणसांचं एकत्र चलन दाखवते आणि सगळे खूश होतात. त्यात तुमची चाळीस नावं आणि त्यांचे यूएएन आहेत का, ते ताडा. किती वेतनावर वर्गणी भरली हेही बघा. बिलात १५,००० वर घेतलेला पीएफ चलनात ९,००० वर भरलेला दिसू शकतो. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवण्याची जुनी युक्ती आता तितकी सुरक्षित नाही. दुसरी गोष्ट ईएसआयची यादी, त्याच पद्धतीने. तिसरी, पगार बँकेत गेल्याचा पुरावा. आणि चौथी, तुमच्या गेटवरची हजेरी, एजन्सीच्या मस्टरवरची नव्हे. बायोमेट्रिक मशिन तुमचं असेल, तर न आलेल्या माणसांचं बिल येण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

याशिवाय एक बिनखर्चाची तपासणी आहे. जेवणाच्या सुटीत दोघा-तिघांना त्यांच्या फोनवर उमंग ॲपमधलं पीएफ पासबुक दाखवायला सांगा. गेल्या महिन्याची नोंद आहे की नाही, ते अर्ध्या मिनिटात कळतं. कागदपत्रांत सगळं हिरवं आणि पासबुक कोरडं, असं दिसलं तर पुढचं बिल थांबवायला ते कारण पुरेसं आहे. त्याच गप्पांत, कामाला लागताना कोणाला पैसे द्यावे लागले का, हेही सहज विचारा. सुपरवायझर बाजूला उभा असेल तर उत्तर मिळणार नाही.

ऑफिसच्या कामासाठी किंवा आयटीत कंत्राटी माणसं घेणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे पीएफ-बोनसपेक्षा मधली साखळी महाग पडते. हिंजवडीतल्या कंपनीने व्हेंडरला मागणी द्यायची, व्हेंडरने ती दुसऱ्या लहान व्हेंडरकडे सरकवायची, आणि प्रोग्रॅमर तिसऱ्याच्या पेरोलवर असायचा. प्रत्येक थरावर मार्कअप चढत जातो. तुम्ही महिन्याला दीड लाख देता आणि माणसाला वाटतं आपण नव्वद हजाराचे आहोत. तो वर्षभरात सोडून जातो आणि कारण कोणालाच समजत नाही. इथे करारात दोनच गोष्टी घाला: माणूस एजन्सीच्या स्वतःच्या पेरोलवर हवा, आणि बिलाच्या दराबरोबर त्याचा पगारही उघड करायचा. मार्कअपला वरची मर्यादा मग चर्चेने ठरवता येते.

तो माणूस पुढे तुम्हाला कायमचा घ्यायचा असेल, तर एजन्सी शुल्क मागते. थेट भरतीत वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, ही बाजारातली रूढ रक्कम आहे. पण ज्या माणसावर एजन्सीने वर्षभर दरमहा मार्कअप घेतला, त्याच्यासाठी पुन्हा पूर्ण शुल्क का? सहा महिन्यांनंतर निम्मं आणि वर्षानंतर शून्य, अशी उतरती पायरी सुरुवातीलाच मागा. करार करताना एजन्सी ती बऱ्याचदा मान्य करते. माणूस तुम्हाला आवडल्यावर विचारलंत, तर मान्य करायचं तिला काही कारण उरत नाही.

करार संपताना शेवटच्या दोन महिन्यांची बिलं हातात ठेवण्याची तरतूदही असू द्या. पीएफची शेवटची चलनं, शिल्लक रजेचे पैसे आणि बोनसचा हिस्सा कामगारांच्या खात्यात गेल्याची यादी आली, की ती बिलं पंधरा दिवसांत चुकती करायची, हेही त्याच कलमात लिहा. नाहीतर जी एजन्सी सगळं वेळेवर करते, तिच्यावरही उगाच अन्याय होईल आणि पुढच्या वेळी तिच्या कोटेशनमध्ये त्याचे पैसे धरलेले असतील.